बिडीच्या मापाची शाळा

डोमाजी पाणकराला बिडीचा वास सहन होत नसे, आणि तो दिवसाला पंधरा-वीस बिड्या ओढत असे. प्रत्येक झुरक्याला तोंड वाकडं करी. बिडी संपली की खोकून खोकून लाल होई, आणि खोकला थांबला की मोठ्यानं जाहीर करी, "झाली बारी! सोडा पुढच्याले."

मी त्या गावात मिडल स्कूलचा हेडमास्तर म्हणून गेलो, तेव्हा याचा उलगडा व्हायला मला तीन दिवस लागले. सौंदडच्या स्टेशनपासून दोन कोसांवरचं ते गाव. वर तलाव, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे जो ठरवतो, त्याला तिकडे पाणकर म्हणतात. गावात घड्याळं दोनच होती. एक पाटलांच्या भिंतीवर, ते बंद. दुसरं माझ्या मनगटावर, ते परक्या माणसाचं. डोमाजीचा दोन्हींवर विश्वास नव्हता. त्याचं माप बिडी. लहान बांधीला दोन बिड्या पाणी, मोठीला पाच. बिडी बारा झुरक्यांत संपवायची, कमी नाही, जास्त नाही. बिड्या तलावापलीकडच्या ढिवरटोल्यातल्या एकाच म्हातारीनं वळलेल्या हव्यात, म्हणजे लांबी एकसारखी.

"एवढा त्रास होतो तर ज्याला बिडी आवडते अशा एखाद्याला बसवा ना," मी म्हटलं.

डोमाजीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आवडनाऱ्याच्या हातात माप नाही द्याचं मास्तर. तो चवीनं ओढते."

हे माप त्यानं पाण्यापुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण गावात दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की डोमाजी मध्ये बसे आणि बिडी पेटवी. एका बिडीभर थोरल्यानं ओरडायचं, एका बिडीभर धाकट्यानं. पहिल्याची बिडी संपेपर्यंत दुसऱ्याचा राग ओसरलेला असे. लग्नात मंगलाष्टकं लांबली की मांडवाच्या कोपऱ्यातून खोकला ऐकू येई आणि भटजी आपोआप शेवटच्या कडव्यावर येत. मी गावात गेल्यावर स्वातंत्र्यदिनाला पहिलं भाषण केलं, ते दीड बिडीत आटोपलं. "नवा मास्तर बरा आहे," असं डोमाजीनं गावात सांगितल्याचं मला नंतर कळलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्पष्ट प्रशस्तिपत्र दुसरं मिळालेलं नाही.

शाळेची तेव्हाची अवस्था सांगतो. पाचवी चावडीत भरे, सहावी धानाच्या कोठारात आणि सातवी मारुतीच्या ओसरीवर. सहावीत उंदीर असत, सातवीत भाविक. मी भूगोल शिकवत असताना मागून कोणी घंटा वाजवून जाई आणि मुलं हिमालय सोडून नमस्कार करत. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना मला गावाला वळसा घालावा लागे, वाटेत दोन कुत्री होती. तेव्हा इमारतीला मंजुरी आल्याचं पत्र आलं, त्या दिवशी मी ताबडतोब बसून कामांची यादी केली. एकवीस बाबी झाल्या. पहिली बाब होती जागा, कारण जागा गावानं द्यावी अशी अट होती.

या पहिल्याच बाबीवर यादी दोन महिने अडली.

वस्ती तीन ठिकाणी विखुरलेली. मूळ गाव एक, तलावाच्या मातीच्या पाळीपलीकडे मासेमारांचा ढिवरटोला आणि जंगलाच्या बाजूला वरचा टोला. पाटील शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी रस्त्याकाठचं आपलं वावर देऊ केलं. माणूस वाईट नव्हता. शाळा आपल्या दारात असावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं 'ही पाटलांची शाळा' म्हणावं, एवढीच त्यांची हौस. पण ढिवरटोल्याचे लोक उठले. "तुमच्या वावरापावतर आमचे पोट्टे पोचतीन तवा सुट्टीची घंटी होईन. मंग कायले पाठवाचं?" वरच्या टोल्यानं आपल्याकडची जागा सुचवली, तिथे गावाचे लोक जायला तयार होईनात. तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत कोणीतरी कंटाळून म्हणालं, "पाणकराले मोजू द्या ना बापा. पाण्याचं मोजते, पोराचंबी मोजंल."

डोमाजी उठला. "मोजतो. पन निघंल तिथं शाळा. मंग कोनी तोंड उघडाचं नाही. माह्या वावरात निघाली तरी!"

सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढिवरटोल्याच्या वाटेवर जे पाहिलं ते मला अजून दिसतं. साठीचा डोमाजी, गुडघ्यापर्यंत धोतर, तोंडात बिडी, काखेत एक जुनी पाटी, आणि दीड-दीड वितीची पावलं टाकत दुडुदुडु चालला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मोजून राहिलो."

"पण असं का चालताय?"

"शाळेत मी जाऊन राहिलो काय? दहा वर्साचं लेकरू जाईन. तर पाय त्याचा पायजे." त्यानं एक झुरका घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढे निघाला. पाळीखाली एक मोठी चिंच होती. तिथे तो थांबला. पाटी खाली ठेवली, दोन दगड उचलून चिंचेवर फेकले, चिंचेचं एक कच्चं बुटूक पडलं ते उचलून खाल्लं. बिडी चालूच.

"आता हे काय?"

"मास्तर, तुमी लहान नवते काय? पोट्टं शाळेत जाताना चिंचेखालून सरळ जाते काय? थांबनारच. अर्धी बिडी हेची धराची."

मला हे पटलं. मी शिक्षक आहे. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांच्या खिशात मी काय काय पाहिलंय.

चार दिवसांत त्यानं तिन्ही वाटा दोन-दोनदा मोजल्या. तिन्ही वस्त्यांपासून साडेतीन बिड्यांवर येईल अशी जागा एकच निघाली. ती होती तलावाच्या बाजूची मुरमाड टेकडी. आणि ती टेकडी डोमाजीची होती.

तो त्या जागी उभा होता. हातातली बिडी त्यानं पायाखाली विझवली. "बिड्या सर्दल्या होत्या," तो म्हणाला. "उद्या पुन्हा पाहतो."

टेकडीवर धान होत नसे. जागा उंच, कोरडी, शाळेला अगदी योग्य. परका माणूस म्हणाला असता, द्यायला काय हरकत? पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं की ती टेकडी परसरामसाठी राखलेली आहे. परसराम डोमाजीचा एकुलता मुलगा. अठराव्या वर्षी रेल्वेत लागला, बिलासपूरला फिटर झाला, तिकडेच लग्न केलं. सात वर्षांत गावी आला नव्हता. डोमाजी दर उन्हाळ्यात टेकडीवर त्याच्या घराची थोडी-थोडी तयारी करी. एका वर्षी विहीर खोदली. एका वर्षी दगड आणून पायाची आखणी केली. मग बिजाच्या टिकाऊ लाकडाच्या दाराच्या आठ चौकटी करून घेतल्या, त्या त्याच्या पडवीत उभ्या होत्या. कोणी विचारलं तर तो म्हणे, "परसराम येऊन राहिला. घर तर पायजे ना."

पुढचे आठ दिवस तो मोजत राहिला. उन्हात मोजलं, सकाळी मोजलं, बिड्या चुलीजवळ वाळवून मोजलं. शाळा टेकडीवरून हलेना. त्याची बायको भागाबाई माझ्याकडे भाजी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मास्तर, त्याले आवरा. एवढ्या बिड्या ओढल्या, टेकडी तर सरकली नाही, छाती सरकली. रातभर मी खोकला मोजून राहिली."

पाटलांच्याही ध्यानात आलं. ते स्वतः डोमाजीकडे गेले. मी बरोबर होतो.

"डोमाजी, ते चिंचेचं सोड ना बापा," पाटील म्हणाले. "ते अर्धी बिडी कमी केली तर शाळा खाली सरकते, माह्या वावरात येते. तुही टेकडी वाचते, माहंबी नाव होते. ढिवरटोल्याच्या लोकाईले समजतबी नाही."

मला स्वतःला हा मार्ग बरा वाटला. मी माणसाला अडचणीत पाहू शकत नाही आणि यादी अडलेली पाहू शकत नाही. मी म्हटलं, "डोमाजी, खरं सांगायचं तर शाळेच्या कुठल्या नियमात चिंच नाही."

डोमाजीनं पडवीतल्या चौकटींकडे पाहिलं. मग म्हणाला, "नियमात नसन मास्तर. रस्त्यात आहे ना."

पण त्याला मोह झाला नाही असं नाही. दोन दिवसांनी सकाळी ढिवरटोल्याच्या बाया मासे घेऊन बाजाराला निघाल्या, तर चिंचेखाली डोमाजी उभा. खांद्यावर कुऱ्हाड.

"काऊन गा पाणकर? कुऱ्हाड घेऊन कायले उभा आहेस?"

"पाहून राहिलो."

"काय?"

"झाड."

"कधी पाह्यलं नाही काय? साठ वर्सं हेच्याच खालून जाऊन राहिला."

ती म्हातारी, त्याच्या बिड्या वळणारी, त्यांच्यात होती. तिच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. झाडच नसलं तर पोरं थांबणार नाहीत, आणि पोरं थांबली नाहीत तर टेकडी सुटते. तिनं टोपली खाली ठेवली आणि चिंचेच्या मुळावर फतकल मारून बसली. "तोड," ती म्हणाली. "मी बसून पाहते तू कसा तोडतोस ते. तुह्या बापानंबी हेचीच चिंच खाल्ली, तूबी खाल्ली. परसरामनं त खिसे भरून नेली."

डोमाजी कुऱ्हाड घेऊन घरी आला आणि संध्याकाळी पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे.

"परसरामले लिवा," तो म्हणाला. त्याला अक्षरओळख नव्हती, त्याची पत्रं मीच लिहीत असे. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं: "टेकडी शाळेसाठी मागतात. तू येणार असशील तर मी नाही म्हणतो, कोणी जबरदस्ती करणार नाही. येणार नसशील तर तसं लिही. तुझ्या मायची तब्येत बरी आहे. तांबडा बैल आहे अजून." मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "'लवकर' लिवा कुठंतरी." मी कडेला लवकर लिहिलं.

त्यानंतर रोज टपालाच्या वेळी डोमाजी चावडीवर येऊन बसे. पाचवीची मुलं त्याला बघून पाढे मोठ्यानं म्हणत, कारण कोणाचा पाढा किती बिड्यांत होतो ते तो मोजेल अशी त्यांना भीती. बाराव्या की तेराव्या दिवशी पत्र आलं. मी त्याला कोठाराच्या मागे नेऊन वाचून दाखवलं.

"बाबांना नमस्कार. टेकडी देऊन टाका. मला इथे क्वार्टर मिळाला आहे. मुलांच्या शाळा इथेच आहेत. आता तिकडे घर बांधणं होणार नाही. आईला नमस्कार सांगा."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"ते 'होणार नाही' कुठं लिवलं? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. त्यानं वाकून ती जागा नीट पाहिली, जणू तिथे त्याला काही वाचता येणार होतं. मग कार्ड माझ्या हातून घेतलं. "अक्षर सुधारलं त्याचं," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सभा होती. डोमाजी उभा राहिला आणि गळा साफ करून म्हणाला, "परसरामचं पत्र आलं. तो लिवते, बाबा, घर कायले बांधता? शाळा बांधा. आपल्या गावची पोरं शिकली पायजे. टेकडी माह्या नावानं देऊन टाका, असं लिवलं त्यानं."

"वा रे वा!" पाटील आधी म्हणाले, हे त्यांच्या मोठेपणाचं. "पोरगं असावं तर असं. परदेशात राहून गावाची याद!" बिलासपूर तेव्हा आमच्या गावाला परदेशच होतं. सगळे परसरामबद्दल बोलायला लागले, तो लहानपणी कसा हुशार होता, कसा पाळीवरून उड्या मारी. डोमाजीनं त्या गोंधळात एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. जागादाता या शब्दापुढे मी परसराम डोमाजी असं लिहिलं. माझ्या वहीत मी खोटी नोंद कधी केलेली नाही, आणि ही तशी आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही.

भागाबाई मात्र संध्याकाळी आली. दाराशीच उभी राहिली. "मास्तर, पत्रात तसं होतं काय?"

मी म्हटलं, "परसरामनं तुम्हाला नमस्कार लिहिलाय."

"तेवढं तर खरं ना?"

"तेवढं खरं."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि गेली.

यानंतर यादी भराभर चालली. गोंदियाहून ओव्हरसियर आले. हिंदी बोलणारे, अंगानं भरलेले, कायम घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या डोमाजीला सिगारेट पुढे केली. डोमाजीनं ती उलटसुलट करून परत दिली. "हे लांब आहे. माप बिघडते." ओव्हरसियरांना काही कळलं नाही, पण त्यांनी सिगारेट परत डबीत ठेवली.

नकाशा साधा होता. चार खोल्या, पुढे व्हरांडा, कडेला ऑफिस. डोमाजी रोज टेकडीवर हजर. आधी म्हणाला, पाचवीच्या खोलीची खिडकी खाली घ्या, बसल्या जागी तलाव दिसला पाहिजे.

"तालाब देखेंगे तो पढ़ेंगे कब?" ओव्हरसियर म्हणाले.

"साठ वर्सं तलाव पाहून राहिलो मी. येडा झालो काय?"

"वो तो अभी तय नहीं हुआ," ओव्हरसियर म्हणाले, पण खिडकी एक हात खाली घेतली. मग डोमाजीनं त्याच खोलीत पूर्वेच्या भिंतीला कोनाडा मागितला. मग ऑफिसच्या दाराबाहेर बसायला ओटा. आणि मग एके दिवशी सातवीच्या खोलीच्या कोपऱ्यात न्हाणी.

ओव्हरसियरांनी नकाशा गुंडाळला. "मास्टरजी, इनको समझाइए! स्कूल है या ससुराल? लड़के क्लास में नहाएँगे?"

मी डोमाजीच्या मागण्या वहीत एकाखाली एक लिहून घेत होतो. न्हाणी लिहिली आणि माझा हात थांबला. तलावाकडे उघडणारी बैठकीची खोली. देवाचा कोनाडा. दाराबाहेर ओटा. मागे न्हाणी. मी टेकडीवर पडलेल्या, डोमाजीनं कधीकाळी आखलेल्या पायाच्या दगडांकडे पाहिलं. खोल्या त्याच क्रमानं होत्या.

मी ओव्हरसियरांना विहिरीपर्यंत घेऊन गेलो आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पत्राचं नाही सांगितलं, घराचं सांगितलं. घाईतला माणूस, पण विहिरीच्या काठावर तो बराच वेळ उभा राहिला. "न्हानी नहीं हो सकती, मास्टरजी," शेवटी म्हणाले. "बाकी देख लेंगे." नकाशावर त्यांनी कोनाड्यापुढे 'खडू-पुस्तकांसाठी' असं लिहिलं, ओट्यापुढे 'पालकांना बसण्यासाठी'. परत येऊन डोमाजीला म्हणाले, "बाबा, वो आठ चौखट आपके पास पड़ी हैं, वो देंगे क्या? लकड़ी अच्छी है।"

चौकटी आल्या. चार बोटं बुटक्या होत्या. परसराम बुटका होता म्हणून नव्हे, घरातली दारं तशीच असतात म्हणून. इमारत उभी राहिली तेव्हा उंच माणसाला प्रत्येक वर्गात वाकून शिरावं लागे. पहिल्या महिन्यात माझं कपाळ चार वेळा फुटलं.

उद्घाटन धान कापणी संपल्यावर ठरलं. यादी पुन्हा मीच केली. मांडव, सतरंज्या, पाणी, पाहुण्यांची बैलगाडी, स्वागतगीत, सगळं नावानिशी कोणाकडे ते लिहिलं. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी येणार होते. मी आदल्या दिवशी डोमाजीला हात जोडले. "उद्या बिडी नको. पाहुणे परगावचे आहेत, त्यांना आपली रीत माहीत नाही."

"माहीत नाही तर समजंल," डोमाजी म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "तीन देतो. मोठा मानूस आहे."

पाहुणे आले, चारही खोल्यांत वाकून शिरले आणि वाकून बाहेर आले. गावकऱ्यांत कुजबुज झाली, किती नम्र मानूस! मग ते भाषणाला उभे राहिले. पुढच्या रांगेत डोमाजीनं बिडी पेटवली. सगळं गाव त्या बिडीकडे बघायला लागलं. पाहुण्यांना वाटलं, लोक मन लावून ऐकताहेत. त्यांनी आवाज चढवला. दुसरी बिडी झाली. पाहुणे देशाच्या भवितव्यावर आले. तिसरीचा बारावा झुरका ओढून डोमाजी उभा राहिला आणि त्याला असा खोकला आला की मांडवाचे खांब हलले. पाहुणे थांबले. "अरे, बाबांना पाणी द्या!" ते म्हणाले. "उन्हाचा त्रास होतोय त्यांना. मी आटोपतं घेतो." आणि खाली बसले. साऱ्या मांडवानं सुटकेचा श्वास टाकला. डोमाजी पाणी पिता पिता मला म्हणाला, "समजदार आहे."

यानंतरची चूक माझी. कार्यक्रमपत्रिकेत मी शेवटी 'जागादात्याचा सत्कार' असं लिहिलं होतं. दाता येणार आहे की नाही याची चौकशी केली नव्हती. खरं तर मला माहीत होतं. पण प्रत्येक उद्घाटनात ती बाब असते, म्हणून माझ्या हातानं ती लिहिली. पाहुण्यांनी तबकातला झेंडूचा मोठा हार उचलला आणि कागदावर पाहून वाचलं, "श्री. परसराम डोमाजी. कुठे आहेत परसरामजी? त्यांनी वर यावं."

कोणी हललं नाही. पाटील आपल्या जोड्यांकडे पाहत होते. बायांच्या बाजूला भागाबाईनं पदर तोंडावर ओढला. पाहुणे हार धरून इकडे-तिकडे बघत राहिले आणि मी खुर्चीला खिळलो.

डोमाजी उठला. "तो कामावर आहे साहेब. रेल्वे थांबत नाही ना. आना इकडं, मी देतो त्याले."

"तुम्ही वडील ना त्यांचे? मग तुम्हीच स्वीकारा," पाहुणे म्हणाले आणि त्याच्या गळ्यात हार घालायला पुढे झाले.

डोमाजी चटकन मागे सरला. "ना जी. माह्या गळ्यात नाही घालाचा. ज्याचं त्याले."

त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि हार हातांवर घेतला. मग तो मांडवाच्या मधून बाहेर निघाला. गर्दी दाट होती, सतरंज्यांवर माणसाला माणूस लागून बसलेला. तो येईल तसे लोक त्याला वाट द्यायला एकेक रांग उठत गेले. बाहेर पडेपर्यंत सगळा मांडव उभा होता.

दुपारी पाहुणे गेले. मी व्हरांड्यात सतरंज्या मोजून कोणाच्या कोणाला द्यायच्या ते बघत होतो. डोमाजी आला. हार त्यानं पळसाच्या ओल्या पानांत नीट बांधला होता, वरून सुतळी.

"मास्तर, हार पार्सलनं बिलासपूरले जाते काय?"

पार्सलचे नियम मला माहीत होते. सौंदडहून छोट्या लाईननं गोंदिया, तिथे उतरवून ठेवतील, मग बड्या लाईनची गाडी. नशीब चांगलं असलं तर तिसऱ्या दिवशी, नाहीतर चौथ्या.

"जातो," मी म्हटलं.

"वाळन काय?"

"झेंडू आहे. टिकतो."

"मंग पत्ता लिवा. आन आत एक चिठ्ठी टाका."

मी सतरंज्या तशाच सोडल्या, टेबलाशी बसलो, कागद घेतला. "काय लिहू?"

तो नव्या भिंतीला पाठ लावून खाली बसला. मग म्हणाला, "लिवा, तुह्या नावाचा हार आला, तवा सारं गाव उभं राह्यलं."

मी लिहिलं. शब्द न बदलता.